गावंडेभाऊंची चौकी

आमच्या प्रयोगशाळेत एकोणीस संगणक होते. त्यांतल्या अठरा संगणकांच्या पेन ड्राइव्ह लावायच्या जागा लाखेनं बंद केलेल्या होत्या. बियाण्याच्या नमुन्याची पिशवी दोऱ्यानं बांधली की गाठीवर जी ओततात, तीच लाख. आधी कागदाची बारीक घडी आत सारायची, वरून लाल लाखेचे दोन थेंब टाकायचे आणि लाख गरम असतानाच तिच्यावर पितळी शिक्का दाबायचा. बाहेरून कोणी आलं की त्याला वाटायचं, हे संगणक पार्सलातून सोडवायचे राहूनच गेले आहेत. हे काम नामदेवराव गावंडे यांचं. एकोणिसावा संगणक माझा. तो त्यांनी उघडा ठेवला होता. तो का ठेवला आणि त्याचं मी काय केलं, हे कधीतरी लिहायलाच हवं होतं.

प्रयोगशाळा अकोल्यात आहे, खासगी आहे, बियाण्यांची उगवण तपासते. शंभर-शंभर दाण्यांचे चार ट्रे वाळूत लावायचे आणि आठव्या दिवशी मोजायचं: चांगली रोपं किती, विकृत किती, मेलेले दाणे किती. सोयाबीन सत्तरच्या खाली गेलं की ते पेरणीसाठी विकता येत नाही. एवढ्या एका आकड्यावर कोणाचा तरी पूर्ण हंगाम अवलंबून असतो. म्हणून नमुना आला की त्याच्यावरचं नाव काढून त्याला फक्त क्रमांक देत. मोजणाऱ्याला क्रमांक कळायचा, नाव नाही. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी संगणकांच्या आतल्या जाळ्यात ठेवलेली असे आणि ती सांभाळायचं काम गावंडेंकडे होतं.

गावंडे संगणक शिकलेले नव्हते. दहावीनंतर ते एका बियाण्याच्या गोदामात लागले, अठरा वर्षं तिथे काढून आमच्याकडे स्टोअरकीपर म्हणून आले. संगणक आले तेव्हा त्यांची देखभाल कोणी अंगावर घेईना, म्हणून ती स्टोअरकीपरकडे आली. नागपूरहून एक इंजिनिअर वर्षातून दोनदा येऊन आतलं काय ते बघून जाई. बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस गावंडेंचे. त्यांच्या मते गोदाम आणि संगणक यांत फरक फक्त वासाचा होता.

माणूस सडसडीत, काळासावळा. उंची पाच फूट चार इंच. "त्यातले दोन इंच चपलेचे," हेही तेच सांगायचे आणि आपल्या विनोदावर आपणच आधी हसायचे. शर्टाला दोन खिसे. डाव्यात पेन, उजव्यात बोटाएवढी बॅटरी. सकाळी आल्यावर ते प्रत्येक संगणकाच्या डब्याला उलटा हात लावत जायचे, आई मुलाच्या कपाळाला लावते तसा. एखादा गरम लागला की म्हणायचे, "याले रात्रभर कोन जागवलं रे?" अकोल्यात एका खोलीत एकटे राहायचे. बायको अमरावतीला. शनिवारी साडेपाचच्या बसनं जायचे, सोमवारी सकाळी साडेनऊला परत दारात हजर. वर्षातून एकच जास्तीची सुट्टी, कौंडण्यपूरच्या जत्रेची. तिथून आणलेला प्रसाद टेबलोटेबल वाटायचे आणि वाटता वाटता लाखेचे शिक्केही तपासून घ्यायचे.

मला ते 'मास्तर' म्हणायचे. मी रोपं मोजताना ओठ हलवतो, शाळेत हजेरी घेतल्यासारखा, म्हणून. माझं आडनाव त्यांनी कधीच उच्चारलं नाही.

त्यांची चौकी दारापाशी, चपलांच्या घोडीला लागून होती. चौकी म्हणजे त्या एकोणिसांत न धरलेला एक जुनाट संगणक. त्याला भिंतीतल्या विजेखेरीज कशाचीही तार जोडलेली नव्हती. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह असो की कॅमेऱ्याचं कार्ड, आधी त्या संगणकात जायचं. गावंडे ते उघडून बघायचे, त्यातलं लागेल तेवढंच आपल्या एका स्वच्छ पेन ड्राइव्हमध्ये घ्यायचे आणि तोच आत नेऊन लावायचे; त्यासाठी लाख फोडावी लागली तर काम झाल्यावर पुन्हा ओतायचे. त्याआधी तीन प्रश्न असत. कोनाचा? कुठून आला? कायले पायजे? उत्तरं वहीत लिहायची, खाली सही.

एकदा आमचे संचालक दिल्लीच्या बैठकीहून आले. तिथे मिळालेला पेन ड्राइव्ह हातात घेऊन ते सरळ आत निघाले. गावंडे स्टुलावरून उठून आडवे उभे राहिले.

"साहेब, कोनाचा?"

"अहो माझा! बैठकीत दिला सगळ्यांना."

"सगळ्याईले देला म्हंजे कोनाचाच नाही."

"गावंडे, तुम्ही माझ्यावर संशय घेता?"

"तुमच्यावर नाही घेऊन राहिलो साहेब. या डब्बीवर घेऊन राहिलो. तुमाले काय मालूम, डब्बी तुमच्या आधी कोनाकोनाच्या खिशात जाऊन आली ते."

संचालकांनी सही केली. पेन ड्राइव्हमध्ये दोन भाषणं आणि जेवणाचे फोटो निघाले. "भाजी बरी दिसते," गावंडे म्हणाले. संचालक हसले, पण ते हसू फार टिकलं नाही, हे मी पाहिलं होतं.

हे सारं त्यांच्यात कुठून आलं, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. भाकर मोडता मोडता त्यांनी गोदामातली गोष्ट सांगितली. मालकाच्या मेव्हण्यानं तुरीचं एक पोतं आणून ठेवलं होतं. घरचंच आहे, दोन दिवस राहू द्या, म्हणाला. गावंडेंनी ते न उघडता कोपऱ्यात ठेवलं. त्या पोत्यात भुंगेरे होते. महिन्या-दीड महिन्यात सहाशे पोती तूर पिठासारखी झाली.

"मास्तर, कीड काही कुलूप तोडून नाही येत. ते पोत्यात बसून येते, अन् पोतं आपनच पाठीवर घेऊन आत आनतो. तवापासून कोनी 'घरचंच हाय' म्हनलं का माह्या कानाले खाज सुटते."

लोक त्यांची टिंगल करत. मीही करत असे. चौकीवरून जाताना मी कधी कधी डबा पुढे करून म्हणायचो, "गावंडेभाऊ, यात वांग्याची भाजी आहे, सही कुठे करू?" ते गंभीरपणे डबा उघडून वास घेत आणि म्हणत, "जाऊ द्या. पन उरलं तं वापसीत दाखवजा."

त्यांनी आमची एक परीक्षाही घेतली होती. सायकल स्टँडमध्ये एका सकाळी एक पेन ड्राइव्ह पडलेला होता. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली: 'बदली यादी, गोपनीय'. आमची अमरावतीला छोटी शाखा आहे आणि तिकडे कोणाला पाठवणार याची तेव्हा कुजबुज चालू होती. तो पेन ड्राइव्ह तासाभरात तिघांच्या हातातून फिरला आणि शेवटी माझ्या शेजारी बसणाऱ्या राऊतबाईंनी तो लावला. तेव्हा सगळ्या जागांवर लाख नव्हती. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं: 'वाचून राहिले ना? आता चौकीवर या. चहा तुमच्याकडून.'

राऊतबाई लाल झाल्या. "गावंडे, ही काय पद्धत झाली? माणसाची अशी परीक्षा पाहायची?"

"बाई, मी पाह्यलं तं चहावर भागलं. दुसऱ्यानं पाह्यलं असतं तं?"

त्याच आठवड्यात लाख आली. आणि तेरा दिवसांनी मला हात धुवायच्या नळापाशी एक पेन ड्राइव्ह सापडला. त्याच्यावर चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. मी तो उघडून पाहिला नाही. एका कागदावर जागा आणि वेळ लिहिली, कागद त्याला रबरानं बांधला आणि चौकीवर नेऊन दिला. गावंडेंनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अकरा वाजून वीस मिनिटं. मिनिटं पन लिवले तुमी!"

"सापडला तेव्हा तेवढेच वाजले होते."

पेन ड्राइव्ह त्यांनी न तपासताच आपल्या खिशात टाकला. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि खिशातल्या छोट्या चाकूनं माझ्या संगणकावरची लाख खरवडू लागले. मला रोपांचे फोटो काढून अहवालाला जोडावे लागत आणि त्यासाठी कॅमेऱ्याचं कार्ड दिवसातून दोनदा चौकीवर न्यावं लागे. "तुमचा कॅमेरा थेट लावत जा," ते म्हणाले. "एक भोक उघडं ठेवतो. हा मानूस आकडा खोटा नाही लिवत." हे त्यांनी राऊतबाईंना ऐकू जाईल असं म्हटलं. मला संकोच वाटला आणि बरंही वाटलं. जास्त बरंच वाटलं.

आता पुढचं.

माझ्या मुलीचं लग्न तेव्हा जमत नव्हतं. तिचं वय अठ्ठावीस. दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती आणि दोन्ही वेळा ऑफिसात आधीच सगळ्यांना कळलं होतं, कारण मीच सांगितलं होतं. मोडल्यावर लोक विचारत नाहीत, पण चहाचा कप जरा हळू आवाजात ठेवतात. जठारपेठेतल्या आमच्या घरी बायकोनं मला बजावलं होतं, "आता साखरपुडा होईपर्यंत कोणाला एक शब्द बोलायचा नाही."

एका मंगळवारी दुपारी मला भेटायला एक गृहस्थ आले. पाहुण्यांना बाहेरच्या खोलीपुढे येता येत नाही, तिथे ते बसले होते. चाळिशीचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. अंजनगाव सुर्जीकडचे, म्हणाले. त्यांना माझ्या मुलीचं नाव, शिक्षण, जन्मवेळसुद्धा माहीत होती. त्यात नवल नव्हतं. आमच्या समाजाच्या वधूवर ग्रुपवर आम्हीच तिचा बायोडाटा टाकला होता, त्यात माझ्या नोकरीचं ठिकाणही होतं. त्यांचा पुतण्या पुण्याला इंजिनिअर.

"आमच्या वहिनींना मोबाइलवर फोटो फिरवलेले आवडत नाही बघा," ते म्हणाले. "मुलाचे असो की मुलीचे. म्हणून या पेन ड्राइव्हमध्ये घालून आणलं. बायोडाटा, चार फोटो, कुंडली. तेवढं उतरवून घ्या आणि डब्बी मला परत द्या. अजून एका ठिकाणी दाखवायची आहे."

त्या बोलण्यानं मी खूश झालो. घरंदाज माणसं, असं वाटलं. मुलीचा फोटो जपणारी माणसं मुलीलाही जपतील, असं मी मनात जोडूनही टाकलं. आणि अजून एका ठिकाणी दाखवायची आहे, यानं घाई लागली.

बाहेरच्या खोलीतून आत जाताना मधे चौकी. पेन ड्राइव्ह चौकीवर दिला असता, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा पडद्यावर मुलाचे फोटो उघडले असते. वहीत 'कायले पायजे' या रकान्यात काय लिहायचं होतं? आणि स्थळाकडून आलेल्या वस्तूची झडती घ्यायची, तीही पाहुणा काचेतून बघत असताना, हे मला अपमानाचं वाटलं. ही माझी कारणं. तेव्हा ती पुरेशी वाटली. मी पेन ड्राइव्ह मुठीत धरला आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"कोन आलं मास्तर?"

"पाहुणे."

"काही आनलं?"

"पेढे." मी पुडा उघडून पुढे केला. "घ्या."

त्यांनी पेढा घेतला. "पोरीचं जमून राहिलं वाटते," म्हणाले. "मोठा पेढा हाय. जमते."

मी आत गेलो आणि त्यांनी विश्वासानं उघड्या ठेवलेल्या जागेत तो पेन ड्राइव्ह लावला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोटो चार होते, मुलगा देखणा होता. बायोडाटा दोन पानी. कुंडली मात्र उघडेना. मी तिच्यावर तीनदा क्लिक केलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा होता तसा झाला. मी म्हटलं, कुंडली पुढे मागून घेऊ. बाकीचं उतरवून घेतलं, पेन ड्राइव्ह परत नेऊन दिला. गृहस्थ नमस्कार करून गेले.

त्या दिवशी माझी तीन वाजताची मोजणी तीन वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू झाली. मोजणीच्या वहीत सुरुवातीची वेळ लिहावी लागते. मी 'तीन' लिहिलं. रोज तीनच असते, हाताला सवय. पण पंचवीस मिनिटं उशीर झाला हे लिहिताना मला माहीत होतं. बावीस वर्षांतली ती माझी पहिली खोटी नोंद.

आम्ही घरी अकरा दिवस त्या स्थळाच्या फोनची वाट पाहिली. त्यांनी दिलेला नंबर लागत नव्हता. बायको म्हणाली, फोटो आवडला नसेल. मुलीनं केस बांधायची पद्धत बदलली.

बाराव्या दिवशी फोन आला, पण राऊतबाईंना. अनोळखी माणूस म्हणाला, "ताई, चार हजार एकशे सतरा आपला आहे. तेवढं जरा सांभाळून घ्या." ४११७ नंबरचे ट्रे तेव्हा आमच्या उगवण कक्षात होते. हा नंबर कोणाचा हे बाईंनाही माहीत नव्हतं, आणि बाहेरच्या माणसाला माहीत होतं. यादी फुटली होती.

नागपूरचा इंजिनिअर आला, दोन दिवस बसला. त्यानं शोधून काढलं की माझ्या संगणकाला मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी एक अनोळखी पेन ड्राइव्ह लागला होता. त्यातून आलेल्या काहीतरी करामतीनं आतल्या जाळ्यातून यादी उचलून बाहेर पाठवली होती. तीन दिवस चौकशी चालली. संचालक आणि आणखी तिघं, लांब टेबल, मधे पाण्याची बाटली.

मला विचारलं, "कॅमेऱ्याशिवाय तुम्ही काही लावलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

"तीन वाजून दहा मिनिटांनी कुठे होता?"

मी मोजणीची वही पुढे केली. तिथे तीन लिहिलेलं होतं. चौघांनी ते वाचलं, एकानं माझ्या पानाखाली टिक केली. मोजणारा वहीत लिहितो ते खरं, यावरच ती प्रयोगशाळा उभी होती.

गावंडे कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुमच्याकडं पाहुने आले होते. पोरीच्या..."

"ते बाहेरच बसून गेले," मी म्हणालो.

गावंडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर ते कोणाविषयी काही बोलले नाहीत.

मग प्रश्न एवढाच उरला की ती जागा उघडी कोणी ठेवली. गावंडेंनी. नियम कोणी केला होता? गावंडेंनी. माझ्या संगणकाचा पासवर्ड आणखी कोणाकडे होता? गावंडेंकडे. गोदामात असताना बियाण्याच्या व्यापाऱ्यांशी ओळखी कोणाच्या होत्या? याचं उत्तर कोणी मोठ्यानं दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये दोघं बोलत होते, "म्हातारा चौकी लावून बसला होता, अन् मागच्या दारानं यादी विकत होता." मी तिथून माझी स्कूटर काढली. मला अडवता आलं असतं. मी स्कूटरला दोनदा किक मारली, आणि ती तर पहिल्याच किकेला सुरू झाली होती.

सिद्ध काही झालं नाही. त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांनी सही केली, बॅटरी टेबलावर ठेवली, मग ती स्वतःची आहे हे आठवून परत खिशात घातली. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले.

"पोरीचं काय झालं मास्तर? जमलं?"

"नाही जमलं."

"जमन. घाई नका करू," ते म्हणाले आणि गेले.

यानंतर तीन वर्षं मी रोज तिथेच बसून रोपं मोजली. लोक म्हणतात अशा वेळी झोप लागत नाही. मला लागायची. हे मी लपवत नाही. रविवारी एखाद्या वेळी ठरवायचो की उद्या सांगू, आणि सोमवारी वाटायचं, आता सांगितलं तर 'लग्नाच्या घाईत बापानं यादी फोडली' असं मुलीच्या नावाला चिकटेल. यात खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. यंदाच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मुलगा तिनं स्वतः पाहिलेला, चांगला आहे. लग्नानंतर एकवीस दिवसांनी मी पत्र लिहिलं. म्हणजे सांगण्याचं धाडस मला आलं ते सांगण्याची किंमत संपल्यावर.

पत्र मी संचालकांच्या केबिनमध्ये नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला. "फाइल बंद झालेली आहे," म्हणाले. "आता हे उकरून तुमचं, आमचं, कोणाचंच भलं नाही." पत्र त्यांनी खणात ठेवलं. एक प्रत माझ्याकडे होती. ती घेऊन मी रविवारी अमरावतीला गेलो.

बडनेरा रोडपासून आत, छोटं बैठं घर, पुढे जास्वंद. दार गावंडेवहिनींनी उघडलं. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी नाव सांगितलं तर त्यांना कळेना. मग म्हणालो, प्रयोगशाळेतला, मास्तर.

"मोजनारे मास्तर?" त्यांचा चेहरा फुलला. "या न बाप्पा! अहो, पाहा तं कोन आलं! हे नेहमी सांगत असतात तुमचं. म्हनते, मास्तरानं मोजलं म्हंजे देवानं मोजलं."

गावंडे आतून आले. केस पार पांढरे झालेले. बाकी तेच, शर्टाचे दोन खिसे तेच. "मास्तर! काहून सांगतलं नाही येतो म्हनून?" त्यांनी मला खुर्चीत बसवलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. गावंडेंनी विचारलं, पोरीचं काय? झालं म्हटल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं नव्हतं मी, जमन म्हनून?"

आता आणखी थांबलो तर माझ्यानं होणार नाही, असं मला वाटलं. मी कागद काढला. "गावंडेभाऊ, मी वाचतो, तुम्ही ऐका," म्हणालो आणि वाचू लागलो. त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून डोळे कागदावरून उचलले नाहीत. वार, वेळ, पेढे, पेन ड्राइव्ह, वहीतली खोटी नोंद, चौकशीतलं माझं उत्तर, आणि 'माझ्या खोटेपणामुळे श्री. गावंडे यांच्यावर आळ येऊन त्यांना नोकरी सोडावी लागली' हे शेवटचं वाक्य. सगळं सव्वा पान होतं. वाचून संपल्यावर वर पाहिलं, तर वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या मला माहीत नाही.

"यायले काढलं होतं?" त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या.

मी गावंडेंकडे पाहिलं, आणि मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. ते अकोल्याला एकटे राहत होते. घरी त्यांनी काय सांगितलं असेल, हा विचार मी तीन वर्षांत एकदाही केला नव्हता.

"तुमी तं गुडघ्यापायी नोकरी सोडली म्हनत होते," वहिनी म्हणाल्या.

"गुडघे बी दुखतच होते," गावंडे म्हणाले.

कोणी हसलं नाही. वहिनींनी ट्रे स्टुलावर ठेवला. एक कप हिंदकळून बशीत सांडला.

"मले शक होता मास्तर," गावंडे माझ्याकडे न बघता म्हणाले. "पेढा देताना तुमी माह्याकडं पाह्यलं नव्हतं. पन चार जनाईत पोरीचं नाव कसं काढाव? तुमी काढलं असतं तं गोष्ट येगळी. मी कसा काढू?"

"लोकाईच्या पोरीचं नाव राखलं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "अन् मले गुडघे सांगतले. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ मी तेल चोळून राहिली. कोन कुठलं तेल सांगन, ते आनून राहिली. लोकं माह्या माघारी काय बोलत असन, ते मले आज कळून राहिलं."

"अवं..."

"थांबा तुमी." त्या माझ्याकडे वळल्या. "हे तिथं सगळ्याईसमोर वाचलं का?"

"नाही. साहेबांना केबिनमध्ये दिलं."

"यायले काढलं, ते सगळ्याईले मालूम होतं ना?"

"हो."

कागद माझ्या हातातून घेऊन वहिनींनी घडी घातली आणि तो मुठीत धरून ठेवला.

"मास्तर, तुमी निघा आता," गावंडे म्हणाले. "साडेबाराची गाडी हाय तुमाले." त्यांनी मला चहा घ्या असं म्हटलं नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही घरातून चहाशिवाय मी त्याआधी कधी उठलो नव्हतो.

सोमवारी अकरा वाजताच्या चहाला मी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. सतरा जण होते. राऊतबाई उठून आत गेल्या. पार्किंगमध्ये बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "जाऊ द्या सर, आता तीन वर्षं झाली." माझ्यावर काय कारवाई करायची ते संचालकांनी अजून ठरवलेलं नाही. अमरावतीला मी पोस्टानं दोन ओळी कळवल्या. उत्तर आलेलं नाही, येईल असं धरूनही चालत नाही.

गावंडे मला शेवटचे दिसले ते त्या रविवारी, खिडकीतून. मी अंगणात चपला घालत होतो, पट्टा लवकर बसेना. खिडकी उघडी होती. मी ज्या खुर्चीत बसलो होतो तिच्यात आता वहिनी बसल्या होत्या, हातात तो घडी केलेला कागद. गावंडे त्यांच्यासमोर उभे होते.

"पयल्या दिवसापासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "काही ठेवू नका. कोन काय म्हनलं, तुमी काय म्हनलं."

चौकशीत गावंडे गप्प राहिले होते. आता त्यांनी भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, "सोमवार होता. मी बसनं उतरलो, तं दारातच राऊतबाई उभ्या होत्या..."

मी फाटक आवाज न करता लावून घेतलं.